महिन्याची सुई

मी सदा तंद्रीत असतो, असा माझ्या आईचा समज होता. औशाच्या आमच्या घरात मी स्टोव्हशेजारीच अभ्यासाला बसायचो, कारण उजेड तिथेच चांगला यायचा. दूध उतू जाऊन करपायचं, शेजारची बाई काय जळतंय म्हणून दारात यायची, आणि मी हाताच्या अंतरावर गणितं सोडवत बसलेला असायचो. "ह्याच्या नाकाखाली घर जळालं तरी ह्याला पत्ता लागायचा न्हाई," असं आई म्हणायची. ते शब्दशः खरं होतं, पण तसं कुणाला कळलं नव्हतं. मलाही नाही. वास म्हणून काही असतं आणि ते बाकीच्या सगळ्यांना येतं, हे मी रंगांधळ्या माणसासारखं लोकांच्या चेहऱ्यांवरून शिकलो होतो. लग्नात मनगटावर अत्तर लावलं की डोळे अर्धे मिटून "वा" म्हणायचं, गोठ्यापाशी गेलं की नाक मुरडायचं. मला कळायचं ते तिखट, गोड, खारट, थंड, गरम आणि कुरकुरीत. त्यामुळे पुरणपोळी आणि शिरा मला जवळपास सारखेच. ठेचा आणि कच्चा कांदा मात्र जिभेलाच नव्हे, नाकालाही झोंबायचे, म्हणून ते मला फार आवडायचे. आजही जेवायला बसलो की बायको आधी ठेचा वाढते.

दुसरी गोष्ट मात्र सगळ्यांना दिसत होती. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेलो, एकोणीस पूर्ण झाली, तरी माझा आवाज सातवीतलाच होता. गालावर लव नाही, खांदे मुलासारखे. औसा-लातूर गाडीत कंडक्टर न विचारता अर्धं तिकीट फाडायचा आणि मी पूर्ण मागितलं की मागच्या बाकावर हशा व्हायचा. कॉलेजात हजेरीला मी "येस सर" म्हणायचं सोडून हात वर करायला लागलो. वडील शेतकरी माणूस, कमी बोलणारे. त्यांनी एकदा मला चौकटीपाशी उभं करून उंची पाहिली आणि गड्याला हाक मारत निघून गेले. त्या चौकटीवर मी वर्षातून एकदा पेन्सिलीची खूण करत असे. उंची वाढत होती, बाकी काही नाही. आकड्यांवर माझा विश्वास तिथपासून आहे, आणि आकडा खरा असला तरी सगळं सांगत नाही, हेही तिथेच कळलं.

दिवाळीला नांदेडहून शंकरमामा आला. त्याचं तिथे औषधांचं दुकान होतं आणि अर्धा मोहल्ला त्याला डॉक्टरच म्हणायचा. सर्दी, खोकला, जुलाब, गुडघे, सगळ्याला लोक आधी मामाकडे यायचे. चिठ्ठीवरचं औषध संपलेलं असलं तर मामा कधी 'नाही' म्हणायचा नाही. "तेच सॉल्ट हाय, कंपनी येगळी. घ्या डोळे झाकून," असं म्हणून दुसरा डबा काढून द्यायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. त्याने मला अंगणात उजेडात उभं केलं, हनुवटी वर करून गळा पाहिला आणि वडिलांना म्हणाला, "दाजी, हे पोरगं अजून पोरगंच हाय. उद्याच्याला लग्नाचं बघायला लागलात तर काय सांगनार?"

"वाढंल की," वडील म्हणाले. "आमच्यात सगळे उशिराच वाढतेत."

"एकोणीस वर्सं उशीर व्हय?" मामा म्हणाला. "मी नेतो त्याला हैद्राबादला."

हैदराबादच्या डॉक्टरीणबाई जुन्या निजामी काळापासून तिथे राहिलेल्या मराठी घरातल्या होत्या. त्यांनी रक्त घेतलं, हाडांचा फोटो काढला आणि मग मला डोळे मिटायला सांगितले. नाकाशी काहीतरी धरलं. "बेटा, कशाचा वास?" मी गप्प. पुन्हा काहीतरी. गप्प. सवयीप्रमाणे मला त्यांचा चेहरा बघायचा होता आणि डोळे मिटलेले होते, त्यामुळे उत्तर सापडत नव्हतं. शेवटी मी अंदाजाने म्हणालो, "अत्तर." डोळे उघडले तर त्यांच्या हातात हिंगाची डबी होती. मामाने तोंड वळवून हसू दाबलं. बाई हसल्या नाहीत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी पकडला गेलो होतो आणि मला फार हलकं वाटलं.

त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवून जे सांगितलं, ते मी पुढे पुस्तकांतून ताडून पाहिलं आहे. आईच्या पोटात असताना काही पेशी नाकापाशी तयार होतात आणि वास वाहून नेणाऱ्या तंतूंच्या वाटेने चालत मेंदूत जातात. माझ्या पेशी वाटेतच अडकल्या होत्या. वासाची वाटच नीट तयार झाली नव्हती, म्हणून दोन्ही गोष्टी एकदम गेल्या होत्या. मुक्कामाला पोचलेल्या पेशी मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीला थेंबाथेंबाने निरोप पाठवतात, आणि ती ग्रंथी पुढे शरीराला वयात आणते. "ग्रंथी चांगली आहे, मामासाहेब," बाई म्हणाल्या. "तिला कुणी हाक मारत नाही, इतकंच. ती आपण मारायची. पण हाक मारायची आणि थांबायचं. दीड-दोन तासांनी पुन्हा. ग्रंथीतल्या पेशींना कान असतात समजा. हाक आली की त्या कान आत ओढतात, काम करतात, मग कान पुन्हा बाहेर काढतात. एकसारखं ओरडत राहिलं तर कान आत ते आतच. हे थांबणंपण औषधच आहे."

"बरोबर, बरोबर," मामा म्हणाला. तो टेबलावरच्या औषधाच्या डब्यावरचं नाव वाचत होता.

बाईंना परदेशातल्या कुणा सहकाऱ्याकडून एक पंप मिळाला होता. साबणाच्या डबीएवढा. त्यात औषधाची सिरिंज, तिच्यातून एक बारीक नळी आणि पोटाच्या कातडीखाली रुतवायची सुई. ठरल्या वेळी तो 'कुर्र' करायचा, औषधाचा शिंतोडा आत सोडायचा आणि गप्प व्हायचा. पंप एकच होता, म्हणून काही महिन्यांसाठी उसना. सुई बदलायला जाणतं माणूस हवं होतं, आणि ते मामा होता. म्हणून मी औसा सोडून नांदेडला मामाकडे राहायला गेलो आणि कॉलेजही तिथेच बदलून घेतलं.

ते घर आठवलं की मला आधी आवाज आठवतात. मामीच्या भाकरीची थाप, कुकरची शिटी, गुरुद्वाऱ्याकडून येणारं लांबचं कीर्तन, समोरच्या रहीमचाचांचं शिलाई मशीन. पंप कमरेला कसा बांधायचा, हा प्रश्न चाचांनीच सोडवला. त्यांनी माझ्या पँटच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली आणि नळी बाहेर यायला काजाचं भोक ठेवलं. "शेरवानीको भी ऐसा काज नही किया मैने," असं म्हणाले आणि शिलाई घेतली नाही. रात्रीच्या राखणदारावरून मामीने पंपाचं नाव 'जागल्या' ठेवलं. सकाळी ती नाश्त्याला सुशीला परतत असायची, भिजवलेले चुरमुरे कढईत चरचरत असायचे, मी पाटावर बसलेलो, आणि कमरेतून 'कुर्र' आलं की ती उलथनं थांबवून म्हणायची, "बोलला बघ जागल्या." पाहुणे आले की तिचा कान माझ्याकडे. एखाद वेळी ठराविक वेळ उलटून गेली असं तिला वाटायचं. मग ती पदराला हात पुसत येऊन पिशवीला कान लावायची. "झोपला का काय रं हा?" आणि त्या वेळीच तो वाजला की दचकून मागे सरायची आणि स्वतःच हसत सुटायची.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माझा आवाज फुटायला लागला. आधी तो मध्येच घसरायचा, एका वाक्यात दोन माणसं बोलल्यासारखा. मामी म्हणायची, "दिगू, जरा पुन्हा म्हण की," आणि मी मुद्दाम हाका मारायचो. वरच्या ओठावर सावली आली. रक्तातला पुरुषी हार्मोनचा आकडा हैदराबादला दर खेपेला थोडा थोडा चढत होता. बाईंनी एकदा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "हे तुझं स्वतःचं आहे. बाहेरून आणलेलं नाही. असंच चाललं तर पुढे पोराबाळांचंही जमेल." त्या वयात पोराबाळांशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला बसमध्ये पूर्ण तिकीट हवं होतं.

मग धर्माबादला मामीच्या भाचीचं लग्न आलं. मांडवात उकाडा, गर्दी, सगळ्यांचे हात सगळ्यांच्या कमरेला लागत होते. जेवणाच्या पंगतीत जागल्या वाजला. शेजारच्या म्हाताऱ्याने माझा शर्ट सरळ वर केला. "मुतखडा हाय का रं? नळी कशाची ही?" दहा माणसं वळून बघायला लागली. कुणी म्हणालं किडनी, कुणी म्हणालं शुगर, आणि एक बाई मामीला स्पष्टच म्हणाली, "पोरगं असं असंल तर आधीच सांगावं की लोकांना." त्याच ओढाताणीत सुई हलली आणि घरी येईस्तोवर पोटावर टणक लाल गाठ आली. मामाने ती पाहिली. आधीच्या सुयांचे काळेनिळे डाग पाहिले. तो बराच वेळ कापसाने गाठ पुसत राहिला. हे सांगताना मला कळतं की त्याने पुढे जे केलं ते आळसाने नाही, माझ्या पोटाकडे बघून केलं.

पुढच्या आठवड्यात तो दुकानातून एक नवा डबा घेऊन आला. नाव जवळजवळ तेच, शेवट थोडा वेगळा. "भाच्या, ही बघ. त्याच घराण्यातली हाय, उलट जास्त ताकदीची. महिन्यातून एकदा. आत गेली की महिनाभर हळूहळू सुटत राहती. पंप नको, नळी नको, लोकं नको."

"बाईंना विचारायचं का?" मी म्हणालो.

"विचारू की. पुढल्या खेपेला सांगूच. सॉल्टचं मला सांगतो व्हय?"

मी जास्त विचारलं नाही, कारण मलाही पंप नको होता. सकाळी देवपूजा झाल्यावर मामाने गंधाचं बोट पुसलं, हात धुतले आणि कमरेत सुई दिली. जागल्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला. मामीला घर एकदम मुकं झाल्यासारखं वाटलं असावं. दोन-तीन दिवस ती मधूनच मान वर करून थांबायची.

पहिले दोन आठवडे तर चमत्कारच. आवाज आणखी उतरला, भूक वाढली, मामा गल्लीत सांगत सुटला. औशाला वडिलांना एसटीडीवरून माझा आवाज ऐकवला. पलीकडून वडील म्हणाले, "कोन बोलतंय?" आणि मामा रिसीव्हरपाशी तोंड नेऊन ओरडला, "दाजी, तुमचंच हाय!" ही आरंभीची उसळी कशाची होती, ते आता मला माहीत आहे. कडी पहिल्यांदा जोरात वाजली होती आणि सगळं घर दाराकडे धावलं होतं. पण ती वाजायची थांबलीच नाही. दुसरी सुई झाली आणि मी गळून जायला लागलो. दाढीचा पुढचा केस आलाच नाही. अभ्यासाला बसलं की आकडे डोळ्यांपुढून सरकायचे. आणि अधूनमधून छातीतून वाफ निघाल्यासारखं व्हायचं, कान तापायचे, घाम फुटायचा, आणि लगेच गारठा.

मामीला त्या वर्षी नेमकं तेच चालू होतं. ती ओट्यापाशी पदराने वारा घेत असायची. एका दुपारी मी येऊन तिच्या शेजारी पंख्याखाली बसलो आणि सदऱ्याची बटणं काढली. तिने माझ्याकडे पाहिलं. "काय रं?"

"वाफा येताहेत अंगातून. मग एकदम थंडी."

"कानापासून?"

"हाव."

ती आधी हसली. "अगं बाई, हे तर माझंच दुखणं!" मग तिचं हसू मध्येच थांबलं. मामा जेवायला आला तेव्हा ताट वाढायच्या आधी तिने सांगितलं, "मला पन्नाशीत होतंय ते पोराला विसाव्यात होऊन राहिलंय. काय टोचलं तुम्ही त्याला? आधी हैद्राबादला न्या." मामा काहीतरी सॉल्टबद्दल बोलायला लागला. मामीने ताट वाढलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी रिकामा डबा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. रक्ताचा आकडा पंप सुरू करण्याआधी होता त्याच्याही खाली गेला होता. त्या आवाज न चढवता बोलल्या, म्हणून ते जास्त लागलं. "मामासाहेब, ही सुई आम्ही बरोब्बर उलट कामासाठी देतो. म्हाताऱ्या पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर होतो, तेव्हा. ग्रंथी गप्प करायला. महिनाभर हाक थांबतच नाही, मग पेशी कान काढून घेतात."

"पन औषध तर तेच ना बाई?" मामा म्हणाला. त्याचा आवाज माझ्या जुन्या आवाजासारखा झाला होता.

"तेच. मध्ये थांबायचं तेवढं राहिलं."

अंमल उतरायला काही महिने लागणार होते, आणि तोवर पंप लावून उपयोग नव्हता. पंपाची मुदत तर संपतच आली होती. बाहेर बाकावर भोकरकडची एक मुलगी आईबरोबर बसली होती, वेण्या पुढे घेऊन, पाय जवळ घेऊन. पंपासाठी पुढचा नंबर तिचा होता. आम्ही परत आणलेला पंप बाईंनी पुसून बाजूला ठेवला. मी चाचांची पिशवीही काढून दिली आणि म्हणालो, हीपण राहू द्या, चांगली शिवलेली आहे. मला त्याच हार्मोनचं, दर पंधरा दिवसांनी घ्यायचं साधं इंजेक्शन लिहून दिलं. त्याने दाढी येणार होती, हाडं भरणार होती, आवाज राहणार होता. "फक्त ते बाहेरून येतं," त्या म्हणाल्या. "घरात स्वयंपाक होणं वेगळं आणि डबा येणं वेगळं. पोट भरतं." परतीच्या गाडीत मामाने मला दर स्टेशनला काहीतरी खायला घेऊन दिलं. वडा, पेरू, शेंगा. मी सगळं खाल्लं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

वडील औशाहून आले, सगळं ऐकलं आणि चहा संपवून म्हणाले, "शंकर, हरभऱ्याला रोज पानी देतो का रे कुनी? उभळतो. नुसता पाला, घाटा धरत न्हाई." त्यानंतर घरात ह्या विषयावर कुणीच बोललं नाही. मामाने पुन्हा कुणाला सुई टोचली नाही आणि दुकानात "तेच सॉल्ट हाय" म्हणायचंही हळूहळू सोडलं. पण माझ्याशी तो त्याबद्दल एक शब्द कधी बोलला नाही. मी वाट पाहिली. लातूरला नोकरी लागली तेव्हा वाटलं बोलेल. लग्न ठरलं आणि मी मुलीला सगळं आधीच सांगितलं तेव्हा वाटलं. पुढे मुलासाठी दुसऱ्या सुयांनी आम्ही दोन वर्षं प्रयत्न केले आणि सोडून दिले, तेव्हा तर नक्की वाटलं होतं. तो लातूरला आला, तुरीची डाळ आणली, माझ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. आम्ही दोघंच आहोत. ते मामाच्या दोन सुयांमुळे, असं मी म्हणू शकत नाही. पंप मुदत संपेपर्यंत चालला असता तरी पुढचं काय झालं असतं, त्याचा आकडा कुणाकडेच नाही, आणि नसलेल्या आकड्यावर मी बेरीज करत नाही. दर पंधरवड्याला सुई घेतो, त्यालाच आता इतकी वर्षं झाली. कंटाळा आला आहे. राग कधीच संपला. त्याला धरून ठेवायलाही ताकद लागते.

गेल्या वर्षी मामाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. त्याचा मुलगा परदेशात, म्हणून लातूरहून मी जातो. नांदेडच्या दवाखान्यात नर्सने डबा फोडायला घेतला तेव्हा मामाने हात पुढे केला. ऐंशीचा माणूस, चष्मा घरी राहिलेला, पण औषधाचं नाव वाचायला त्याला चष्मा कधी लागला नाही. त्याने डबा उजेडाकडे धरला. नर्स थांबली. मीही थांबलो.

"हीच का रे भाच्या?"

"हाव मामा. हीच."

त्याने डबा उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि नर्सच्या हातात दिला. मग कुशीवर वळला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "मग लागू पडंल. म्या बघितलेलं हाय." त्याचा हात मागे आला आणि माझं मनगट शोधून धरून राहिला. सुई निघाली तरी त्याने ते सोडलं नाही.

महिन्याभराने मामीचा फोन आला. आता तिला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलते. "दिगू, तुझा मामा पंखा सोडंना झालाय. कानापासून वाफा येतेत म्हनतो." मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग म्हणाली, "घे. आता तिघं झालो."